सगळे काढले म्हणजे बाई जास्त जगते का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आरोग्यावर चार शब्द बोला, असे आपल्या कार्यवाहांनी मला सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा गुडघेदुखी किंवा रक्तदाब असावा. चौतीस वर्षे मी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढली, तेव्हा गुडघ्यांविषयी बोलायला मला काही अडचण नव्हती. पण श्रावणात एक प्रसंग घडला आणि मी विषय बदलून मागून घेतला.

आपल्यातल्याच एक सभासद भर दुपारी माझ्याकडे आल्या. नाव मी सांगणार नाही. हकिगत सांगण्यास मात्र त्यांची परवानगी आहे. त्यांनी पिशवीतून फाइल काढून माझ्या पुढ्यात ठेवली. डाव्या स्तनात दोन सेंटिमीटरची गाठ. सुई घालून तुकडा काढून तपासला होता. कर्करोगच, पण सुरुवातीचा. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले होते : एक, गाठ आणि तिच्याभोवतालचा थोडा भाग काढायचा व नंतर किरणोपचार घ्यायचे, दुसरा, पूर्ण स्तन काढायचा. घरात मात्र एकच मार्ग ठरून गेला होता. सासूबाई म्हणाल्या, "मुळासकट काढून टाका, पुन्हा कटकट नको." यजमान म्हणाले, "पैसे गेले तरी चालतील, पण मोठंच ऑपरेशन करा." आणि बाई माझ्याकडे पाहून विचारीत होत्या, "सिस्टर, सगळं काढलं तर मी जास्त दिवस जगेन ना? धाकटी अजून नववीत आहे हो."

भगिनींनो, याच प्रश्नाचे उत्तर देताना मी एकदा चुकलेली आहे. तेव्हा आधी ते सांगते.

१९७८ साली माझ्या मोठ्या जाऊबाईंना अशीच गाठ निघाली. मी नोकरीला लागून चार वर्षे झाली होती. घरात औषधपाण्यातले कळणारी मीच एकटी. सगळ्यांनी मला विचारले आणि मी ठासून सांगितले, "मोठे करा, काही मागे ठेवू नका." त्याप्रमाणे झाले. स्तन गेला, त्याखालचे छातीचे स्नायू गेले, काखेतले सगळे गेले. बरगड्यांवर नुसती कातडी उरली. जाऊबाई त्यानंतर तेवीस वर्षे जगल्या आणि गेल्या त्या हृदयविकाराने. कर्करोगापुरते म्हणाल तर सारे यशस्वीच झाले. पण त्यांचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला तो सुजलाच. बांगडी चढेना. पोळपाटाशी बसून चार पोळ्या लाटल्या की हात उशीवर टेकून ठेवावा लागे. पोलक्याची उजवी बाही वेगळ्या मापाने शिवावी लागे, आणि ते माप शिंप्याला सांगायची लाज वाटे म्हणून त्या स्वतःच शिवीत. मी दर दिवाळीला त्यांना पाहत असे आणि मनाशी म्हणत असे, हात गेला, पण जीव वाचला. जीव वाचण्यासाठी हात जाणे अवश्य होते, हे मी धरूनच चालले होते. ते तसे नव्हते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

हे मोठे ऑपरेशन आले कोठून? अमेरिकेत बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयात विल्यम हाल्स्टेड नावाचे शस्त्रवैद्य होते. १८९४ साली त्यांनी आपल्या पन्नास रोगिणींची हकिगत प्रसिद्ध केली. त्या काळी बाया हाताएवढी गाठ होईपर्यंत घरात लपवून ठेवीत, आणि ऑपरेशन केले तरी बहुतेकींना त्याच जागी पुन्हा गाठ येई. हाल्स्टेडसाहेबांच्या पन्नासांपैकी तिघींनाच जागच्या जागी पुन्हा आली. ही गोष्ट खरोखर मोठी होती, आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांचा समज असा, की कर्करोग गाठीतून पायरीपायरीने पसरतो. आधी आजूबाजूला, मग काखेतल्या लसिकाग्रंथींत, आणि मग पुढे. पायाला ठेच लागली की जांघेत जे अवधाण येते ना, ते याच ग्रंथी सुजून. तेव्हा रोगाच्या पुढे जाऊन जितके लांबवर कापावे तितका रोगी सुरक्षित, असे ते तर्कशास्त्र. पाऊणशे वर्षे जगभर हेच चालले.

अधूनमधून कोणी वेगळे बोलत असे. लंडनचे सर जेफ्री केन्स (अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे हे धाकटे बंधू) १९२० नंतरच्या काळात रेडियमच्या सुया टोचून स्तन राखून उपचार करीत. पुढे कॅनडात टोरोंटोला व्हेरा पीटर्स या डॉक्टरबाईंनी, गाठ काढून किरण दिलेल्या रोगिणी आणि मोठे ऑपरेशन झालेल्या तशाच रोगिणी जोडीजोडीने लावून पाहिल्या. जगण्यात फरक दिसेना. पण मोठमोठ्या शस्त्रवैद्यांना ते पटेना. एका बाजूने पाहिले तर त्यांचे न पटणेही रास्त होते, आणि ते का, हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

समजा, कोणी असे सांगितले, की रोज पहाटे पर्वती चढणाऱ्या बायका न चढणाऱ्या बायकांपेक्षा दहा वर्षे जास्त जगतात. ते खरेही असेल. पण म्हणून पर्वतीच्या पायऱ्यांत आयुष्य आहे, असे म्हणता येईल का? ज्यांना दमा आहे, ज्यांचे हृदय दुबळे आहे, ज्यांच्या घरी पहाटे पाणी येते, त्या मुळात चढतच नाहीत. चढणारी बाई आधीच सशक्त असते. ऑपरेशनांचेही तसेच. ज्यांना लहान ऑपरेशन सांगितले जाते त्यांची गाठ मुळात लहान असते, त्या मुळात धडधाकट असतात. मग त्या जास्त जगल्या, तर श्रेय ऑपरेशनाचे की गाठीचे?

यावर उपाय एकच, आणि तो आपल्या मंडळाला चांगला ठाऊक आहे. आपण भिशीचा नंबर कसा काढतो? डब्यात चिठ्ठ्या टाकून. कोणाला गरज जास्त, कोण अध्यक्षबाईंच्या जवळची, हे काही चिठ्ठीला कळत नाही. तसेच रोगिणींची संमती घेऊन, कोणीला कोणते ऑपरेशन हे चिठ्ठीने ठरवायचे. शेकडो बायका असल्या, की सशक्त-अशक्त, तरुण-वयस्क, लहान गाठीच्या-मोठ्या गाठीच्या दोन्हीकडे सारख्याच वाटल्या जातात. मग पुढे जो फरक पडेल तो ऑपरेशनाचाच.

अमेरिकेत पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी हे धाडस केले. १९७१ ते १९७४ या काळात १६६५ बायका या परीक्षेत आल्या. ज्यांच्या काखेत हाताला काही लागत नव्हते, त्यांचे तीन गट केले : एकीला हाल्स्टेडचे मोठे ऑपरेशन, दुसरीला नुसता स्तन काढून किरण, तिसरीला नुसता स्तन काढून काखेला हातही लावायचा नाही, पुढे तेथे काही उद्भवले तर तेव्हा पाहू. पंचवीस वर्षे या बायकांवर लक्ष ठेवले. जगण्यात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही! आणखी एक गंमत अशी, की मोठे ऑपरेशन झालेल्यांच्या काखेतल्या ग्रंथी तपासल्या तेव्हा शंभरातल्या सुमारे चाळीसजणींच्या ग्रंथींत कर्करोग सापडला. म्हणजे ज्यांची काख तशीच ठेवली त्यांच्यातही तितकाच असला पाहिजे. पण त्यांच्यापैकी शंभरात एकोणीसजणींनाच पुढे काखेत त्रास झाला. उरलेल्यांचा रोग शरीराने जिरवला की तो तसाच निजून राहिला, हा वाद मी विद्वानांवर सोडते. जाऊबाईंचा हात ज्यापायी गेला, ते काखेचे कापणे जगण्याच्या हिशेबात कोठेच दिसले नाही.

मग पुढचा प्रश्न असा, की स्तन तरी पूर्ण काढायला हवा का? इटलीत मिलान शहरी डॉ. उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० मध्ये ७०१ बायकांची अशीच वाटणी केली. सगळ्यांच्या गाठी दोन सेंटिमीटरच्या आत. अर्ध्याजणींना हाल्स्टेडचे ऑपरेशन, अर्ध्याजणींचा स्तनाचा चौथा हिस्सा आणि काखेतल्या ग्रंथी काढून किरण. तिकडे फिशर यांनी १९७६ पासून १९८४ पर्यंत चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी दुसरी परीक्षा घेतली. १८५१ बायकांचा हिशेब तीत लागला. दोघांचेही वीस वर्षांचे निकाल ऑक्टोबर २००२ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आले.

आकडे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही, कारण आपल्या सभासदभगिनीचा प्रश्न आकड्यांचाच आहे. मिलानला वीस वर्षांत मोठे ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या ४१ जणी निवर्तल्या आणि स्तन राखलेल्या शंभरातल्या ४२. यांत म्हातारपणाने, इतर रोगांनी गेलेल्याही आल्या. फिशर यांच्याकडे वीस वर्षांनंतर हयात होत्या त्या अशा : स्तन काढलेल्यांत शंभरात ४७, गाठ काढून किरण घेतलेल्यांत ४६, नुसती गाठ काढलेल्यांतही ४६. (हे आकडे ऐकून घाबरू नका; त्या बायकांना आजची औषधे मिळालेली नव्हती.) मध्यंतरी मॉन्ट्रियलच्या एका डॉक्टरने काही रोगिणींची माहिती खोटी भरल्याचे १९९४ साली उजेडात आले व मोठा गहजब झाला. त्याच्या सगळ्या रोगिणी वगळून पुन्हा हिशेब मांडला. उत्तर तेच आले.

पण आकड्यांतली एक गोष्ट बारकाईने ऐका, कारण येथेच आपल्याकडे फसगत होते. नुसती गाठ काढून किरण न घेतलेल्या शंभरातल्या ३९ जणींना त्याच स्तनात पुन्हा कर्करोग झाला. किरण घेतलेल्या शंभरात १४. त्या ३९ जणींना बहुतेक पुन्हा टेबलावर जावे लागले. जीव त्या परीक्षेत सारखेच वाचलेले दिसले खरे. पण एका परीक्षेत बायका थोड्या असतात, बारीक फरक तीत दिसत नाही. २०११ साली सतरा परीक्षांतल्या १०,८०१ बायकांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा तो दिसला. किरण न घेतलेल्यांत पंधरा वर्षांत शंभरातल्या पंचवीसजणी कर्करोगाने गेल्या, घेतलेल्यांत एकवीस. शंभरात चार जीव! तेव्हा "गाठ काढली, झाले, आता कशाला रोज त्या यंत्राखाली निजायचे" असे जी म्हणेल, तिने अर्धेच ऑपरेशन केले असे मी समजते.

हाल्स्टेडसाहेब आणि फिशरसाहेब यांच्यात खरे कोणाचे, असे मला एका डॉक्टरीणबाईंनी शिकाऊ मुलींसमोर विचारले होते. मी त्यांना गाजरगवताचे उदाहरण दिले. परसात गाजरगवत माजले तर ते उपटावेच लागते. अर्धे ठेवले तर तेथूनच पुन्हा पसरते. एवढे हाल्स्टेडचे खरे. पण फुलोरा येऊन बी वाऱ्यावर गेले असेल, तर आपण कुंपण खणून काढले आणि तुळशीवृंदावन पाडले, तरी ते बी परत येत नाही. एवढे फिशरचे खरे. उडालेल्या बियांसाठी औषध लागते, म्हणजे सलाइनमधून द्यावयाची केमोथेरपी किंवा पाच-दहा वर्षे घ्यावयाची संप्रेरकांची गोळी. आज बायका अधिक जगतात त्याचे बरेचसे श्रेय या औषधांचे, आणि गाठ लवकर दाखविण्याचे.

अलीकडे याच्याही पुढची गोष्ट ऐकू येऊ लागली आहे. हॉलंडमध्ये ३७,२०७ बायकांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा दहा वर्षांनंतर स्तन राखून किरण घेतलेल्या शंभरातल्या ७७ हयात आणि स्तन काढलेल्या शंभरातल्या ६० असे निघाले. माझी भाची हे वाचून म्हणाली, "मावशी, म्हणजे लहान ऑपरेशनच जीव वाचवतं!" मी तिला पर्वतीची आठवण दिली. येथे चिठ्ठ्या नव्हत्या. २०२१ साली स्वीडनमध्ये ४८,९८६ बायकांच्या नोंदींत इतर आजार, शिक्षण, मिळकत असे सारे हिशेबात धरून पाहिले, तरीही स्तन राखलेल्यांचे पारडे जडच राहिले. तेव्हा त्यात काही तथ्य असेलही. मी मात्र एवढेच घेते, की स्तन राखल्याने आयुष्य कमी होते ही भीती टिकत नाही. जास्त मिळते, असे छातीठोकपणे सांगायला मी तयार नाही. एकदा ठासून सांगण्याची किंमत मी पाहिली आहे.

काखेच्या बाबतीतही आता पुष्कळ सुधारणा झाली आहे. रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्य टोचून पहारेकरी ग्रंथी शोधतात आणि तेवढ्याच एक-दोन काढून तपासतात. त्या निर्मळ असतील तर बाकीची काख जेथल्या तेथे. एखाद-दुसऱ्या ग्रंथीत कर्करोग सापडला तरी, गाठ काढून किरण घेणार असलेल्या पुष्कळजणींची काख रिकामी करावी लागत नाही. अमेरिकेतल्या एका परीक्षेत अशा बायकांतल्या दहा वर्षांनंतर शंभरात ८६ हयात होत्या. काख पूर्ण काढलेल्यांत ८४. जाऊबाई पंचवीस वर्षे उशिरा आजारी पडत्या, तर त्यांनी बांगड्या दोन्ही हातांत घातल्या असत्या.

आपल्याकडचेही एक सांगितले पाहिजे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या अकरा रुग्णालयांत चिठ्ठीनेच एक परीक्षा घेतली. ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन टोचायचे. हे तेच भुलीचे औषध, जे दात काढताना आपल्या हिरडीत टोचतात. पाच वर्षांनंतर टोचलेल्यांत शंभरात ९० हयात, न टोचलेल्यांत ८६. इतकी स्वस्त गोष्ट आणि एवढा फरक! दुसऱ्या देशातही तसेच निघावे, मग माझ्या मनाला पूर्ण समाधान होईल. पण आपल्या सर्जनना याविषयी विचारण्यास काहीच हरकत नाही.

आता, मी काही सर्वांना स्तन राखा असे सांगण्यासाठी उभी नाही. गाठी दोन-तीन ठिकाणी विखुरल्या असतील, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल आणि औषधाने ती लहान होत नसेल, छातीवर पूर्वी किरण दिलेले असतील, पोटात बाळ असेल, घराण्यात बीआरसीए या जनुकाचा दोष असेल, तर डॉक्टर पूर्ण काढायला सांगतात व त्याला कारण असते. आणि एक कारण वैद्यकाच्या पुस्तकात येत नाही. किरणांना आपल्याकडे कोणी "शेक" म्हणतात. पूर्वी ते पाच-सहा आठवडे चालत, आता बहुधा तीन आठवडे, काही ठिकाणी एकच. पण आठवड्याची सुट्टी सोडून रोज जावे लागते. माझ्या वॉर्डात एक बाई होती. यंत्र असलेले गाव तिच्या गावाहून एस.टी.ने चार तासांवर, शहरात ओळखीचे कोणी नाही, घरी दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेला सासरा. तिने पूर्ण स्तन काढून घेतला, आणि आम्ही तिला मुळीच दूषण दिले नाही. अर्धवट शेक घेऊन ती घरी पळून गेली असती, तर ते वाईट झाले असते. कित्येकींना राखलेल्या स्तनाची रोज धास्ती वाटते, त्यांनीही काढावा. मात्र भीतीने दोन्ही बाजूंचे काढून घेण्याची जी लाट काही देशांत आली आहे, तिच्याविषयी एवढेच, की जनुकदोष नसलेल्या बाईचे आयुष्य त्याने वाढल्याचे दिसलेले नाही.

आपल्या भगिनीला मी यांतले बहुतेक सारे सांगितले. दोन दुपारी लागल्या. दुसऱ्या दुपारी यजमानांनाही बोलावून घेतले. ते बँकेत आहेत, आकडे त्यांना लवकर कळले. ते म्हणाले, "मग मोठं ऑपरेशन म्हणजे जास्त खात्री, असं काही नाहीच?" मी म्हणाले, "जगण्याची खात्री दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो शेक घ्यायचा की नाही, आणि पुढची वर्षे आरशात काय पाहायचे, यांत." त्यावर बाई पहिल्यांदाच नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मग मी ठरवते."

गौरी-गणपती आटोपल्यावर त्यांचे ऑपरेशन झाले. गाठ काढली; पहारेकरी ग्रंथी दोन निघाल्या, दोन्ही निर्मळ. पुढे पंधरा शेक झाले. चामडी थोडी काळवंडली, थकवा आला, धाकटीने त्या दिवसांत वरणभाताचा कुकर लावायला शिकून घेतले. सासूबाई अजून अधूनमधून म्हणतात, "सगळं काढलं असतं तर बरं झालं असतं." त्यांच्याशी मी वाद घालीत नाही, त्यांनी आपल्या आईला याच दुखण्याने जाताना पाहिले आहे.

वेळ झाल्याची खूण कार्यवाह करीत आहेत, आणि मागे कॉफीचाही वास येतो आहे. येत्या महिन्यापासून दर बुधवारी तीन ते पाच मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. कोणाला गाठ लागली असेल, शंका असेल, डॉक्टरांनी सांगितलेले कळले नसेल, त्यांनी यावे. औषध मी देणार नाही, तो माझा अधिकार नाही; पण डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे ते आपण दोघी मिळून कागदावर लिहून काढू. येताना तपासणीचे कागद आणा. यजमानांना आणायचे असेल तर खुशाल आणा, मी जास्तीची एक खुर्ची मागून ठेवली आहे.